बारावा संच

आमच्या ह्यांनी सात वर्षांत पिस्टनचे अकरा संच परत पाठवले. गल्लीत कुणालाही विचारा, बोटांवर मोजून सांगतील, कारण त्यातले निम्मे गल्लीनेच शोधून आणले होते आणि परत नेऊन देताना शिव्याही गल्लीनेच खाल्ल्या होत्या.

ह्यांना सगळं काराकोल गाव उस्ता म्हणतं, म्हणजे कसबी कारागीर. चाळीस वर्षं मोटार डेपोत इंजिनं बांधण्यात गेली. डेपो बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण उस्ता हे नाव राहिलं. मी नाव घेत नाही. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि आता घ्यायचं म्हटलं तरी जीभ वळायची नाही. परक्यांसमोर उस्ता, घरात अहो.

गाडी आमची वोल्गा आहे, साठ सालची, आकाशी रंगाची, पुढे नाकावर धावतं हरीण. डेपोच्या साहेबाची होती. त्याने टाकून दिली तेव्हा ह्यांनी उचलून आणली आणि सफरचंदाच्या झाडांमागे शेड बांधून तिच्यात ठेवली. माझ्या दोन्ही मुली तिच्यातूनच सासरी गेल्या. त्यांच्यामागून झालेला बेक्तुर तिच्यातच चालवायला शिकला. बेक्तुर आमचा धाकटा, एकुलता मुलगा. म्हणजे घर त्याचं, चूल त्याची आणि आम्ही दोघं त्याच्या वाट्याचे. हे आमच्याकडे कुणी ठरवत बसत नाही, ते तसंच असतं.

सात वर्षांपूर्वी ऑगस्टात राजधानीहून, बिश्केकहून, परत येताना बूमच्या घाटात गाडी गरम झाली. बेक्तुर चालवत होता, मी मागे बसले होते. काटा वर चढतोय हे त्याने पाहिलं, थांबूया म्हणाला. मी म्हटलं, थांबतोस काय, गाय दोहायची आहे, शेजारीण तिला नीट हात लावत नाही, आचळं दुखवून ठेवते, चल बाबा. तो चालला. बालिक्ची गाव यायच्या आधीच इंजिनाने एक आवाज काढला, तसा आवाज मी गुरांच्या बाजारातसुद्धा ऐकला नव्हता, आणि गाडी ठप्प. तिसरा पिस्टन जागच्या जागी चिकटला होता आणि त्याचा रॉड वाकला होता. ट्रकमागे दोर बांधून गाडी घरी आली. गाय उपाशी नव्हती, नुसती ओरडत होती.

मला वाटलं होतं हे पोराला फाडून खातील. ह्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "उघड."

बापलेकांनी आठ दिवस इंजिन उघडलं. तेव्हा मी त्यांना शेडमध्ये चहा नेऊन द्यायची आणि उगाच उभी राहायची. वोल्गाच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात एक लायनर, म्हणजे लोखंडी नळकांडं, त्यात पिस्टन वरखाली पळतो आणि पिस्टनला धरून खाली रॉड. पिस्टनच्या डोक्यावर अक्षर ठोकलेलं असतं, लायनरवरही असतं. अक्षर जुळलं तर ती जोडी. रॉडच्या वरच्या डोळ्यात पिन जाते, तिच्यावर रंगाचा ठिपका, रॉडवरही तोच रंग पाहिजे. एवढं जुळलं की मग वजन. रॉडचं तर दोनदा, एक टोक दोरीला टांगून दुसरं टोक तराजूत, मग उलटं. चारही सारखे हवेत, नाहीतर इंजिन जन्मभर थरथरत राहतं. पुस्तकात आठ ग्रॅमपर्यंत चालतं असं लिहिलंय. ह्यांना दोनाच्या वर चालत नाही. एवढ्या चौकशा करून तर आम्ही मुलींच्या सोयरिकीही केल्या नव्हत्या.

तीन रॉड चांगले निघाले. त्यांची वजनं ह्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवली. चौथा नवा आणायचा, त्या तिघांच्या वजनाचा, आणि पिस्टन-लायनरचा अख्खा संच नवा. तेव्हा बेक्तुर म्हणाला, "आताके, मी मोडलं, मीच जोडणार. मी येईपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही."

वडिलांना तो आताके म्हणायचा. पंचविशी ओलांडली तरी लहानपणीचंच हाक मारणं.

"कुठून येईपर्यंत?" हे म्हणाले.

"रशियात, चेल्याबिन्स्कला काम आहे. एक हिवाळा. सुट्या भागांचं निघेल, वर थोडं उरेल."

एक हिवाळा. मी त्याच्या पिशवीत कट्टमाच्या पोळ्या घातल्या, लोकरीचा तपकिरी स्वेटर घातला आणि म्हटलं, वसंतात ये, झाडांना फुलं असतील. त्या वेळी माझ्या मनात खरंच काही नव्हतं. एका गायीच्या धारेपायी मी मुलगा घालवला, हे मला चार वर्षांनी कळलं, आणि त्यानंतर एकही दिवस असा गेला नाही की ते मी स्वतःला ऐकवलं नाही.

आता त्या अकरा संचांचं सांगते.

पहिला बिश्केकच्या सुट्या भागांच्या बाजारातून आला. दोन पिस्टनांवर एक अक्षर, दोनांवर दुसरं. परत. त्यात कुणाला बोलायला जागा नव्हती. दुसऱ्याच्या वजनात अकरा ग्रॅमचा फरक. तोही परत, तेही बरोबरच. तिसऱ्याच्या पिना अंगठ्याने दाबल्या तर जागच्या हलेनात. त्याला ह्यांचा नियम असा की पिनेला थोडं तेल लावायचं, अंगठ्याने दाबायची, ती सावकाश आत गेली पाहिजे. अडली तर घट्ट, आपणहून पडली तर ढिली. चौथा आणला आमच्या शेजारच्या यासिरने. यासिर दुंगान आहे, चीनकडून आलेल्या मुसलमानांपैकी, बाजारात अशल्यान-फूची, म्हणजे तिखट गार शेवयांची गाडी लावतो, आणि त्याची जीभ त्याच्या मिरचीपेक्षा तिखट. आक-सू गावाच्या पलीकडे एका जुन्या शेतकी गोदामातून त्याने तो संच उकरून काढला होता. खोकं उचलून आणताना कंबर धरली होती बिचाऱ्याची.

ह्यांनी एकेक पिस्टन उन्हात धरून फिरवला, वास घेतला, नखाने वाजवला.

"उस्ता, पिस्टन बघताय की सून?" यासिर म्हणाला.

"सून परत पाठवता येत नाही. पिस्टन पाठवता येतो."

"मग ह्यात काय वाईट आहे? नाक बसकं आहे?"

"तिसरा चार ग्रॅम जड आहे."

"चार ग्रॅम! माझी कंबर चार किलोने खाली आलीय त्याचं काय? वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. तुम्हाला पसंत करताना काय काय वजन केलं होतं ह्यांनी?"

"काही नाही केलं," मी म्हटलं. "तेव्हा अक्कल कमी होती, म्हणून तर माझा निभाव लागला."

सगळे हसले. चौथा संच परत गेला. मग पाचवा, सहावा. गल्लीला ही करमणूकच झाली. उस्ताने पिस्टन नाकारला की यासिरच्या गाडीवर दोन दिवस तोच विषय. मीही त्यात असायची. बायकांत बसून ह्यांची नक्कल करायची, पिस्टनऐवजी बटाटा हातात धरून. पोट धरून हसायच्या सगळ्या.

नवव्या संचाच्या वेळी मात्र माझं हसू गेलं. तो मेणकागदात गुंडाळलेला, ग्रीस लावलेला, कारखान्यातून आला तसाच कधीही न उघडलेला होता. अक्षरं जुळली. रंग जुळले. मी दाराशी कणीक मळत होते आणि हे तराजूपाशी बसले होते. ह्यांनी चारही पिस्टन तीन-तीनदा तोलले. एका ग्रॅमच्या आत होते, मी स्वतः मापं पाहिली. मग राहिली ती शेवटची परीक्षा, पट्टीची.

ती अशी. लायनरमध्ये पिस्टन उलटा घालायचा, रिंगा न चढवता, आणि बाजूने पोलादाची एक पातळ पट्टी आत सोडायची, कागदापेक्षा पातळ. मग पट्टीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ती वर ओढायची. साडेतीन ते साडेचार किलोच्या ओढीला पट्टी सुटली तर पिस्टन त्या लायनरचाच. कमी ओढीत सुटली तर ढिला, जास्त लागली तर घट्ट. हे दोघांचं काम आहे. एकाने पिस्टन धरायचा, दुसऱ्याने काटा ओढून आकडा सांगायचा. डेपोत ह्यांच्याबरोबर ओढायला माणूस होता, घरी बेक्तुर होता. तो गेल्यापासून हे एकटेच करायचे, लायनर पकडीत आवळून, पिस्टनवर गुडघा ठेवून. मी एकदा पुढे झाले तर म्हणाले, राहू दे, तो काटा त्याच्या हाताचा आहे.

नववा संच घेऊन हे शेडमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आले.

"ढिला आहे," म्हणाले.

"चारही?"

"चारही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला कळलं. इंजिन उघडं आहे तोवर पोराने दिलेला शब्द उघडा आहे. ते मिटलं की शब्द मिटला, मग त्याला यायचं कारण काय? मी चहा ओतला आणि ताटलीत दोन तळलेले बोरसोक जास्त वाढले. त्या दिवसानंतर बायकांत बसून मी बटाटा हातात घेतला नाही.

दहावा परत गेला. अकरावा परत गेला. यासिर म्हणाला, "उस्ता, आता वोल्गाचा पिस्टन फक्त जन्नतमध्ये मिळेल, मी पुढे गेलो की खाली टाकतो." हे म्हणाले, "तोलून टाक."

एका हिवाळ्याचे असे सात झाले. बेक्तुरला तिकडचा पासपोर्ट मिळाला. मग लग्न झालं, मुलगी तिकडचीच, बश्किर, लेसान नावाची. फोनवर त्याच्यासारखीच मला आपा, म्हणजे आई म्हणते आणि लाजते. गोड आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्यांच्या लग्नात मी फोनच्या काचेतून आशीर्वाद दिला आणि काच पुसून ठेवून दिली, हे मी कुणाला सांगू?

ह्या वर्षी जानेवारीत फोन आला. नेहमीसारखं त्याने आधी मला भरपूर हसवलं. मग लेसानला जवळ ओढून म्हणाला, "आपा, उन्हाळ्यात बाळ येणार."

मी ओरडलेच. हे बाहेरून धावत आले, बुटांसकट गालिच्यावर. मी म्हटलं, "घेऊन ये! चाळीस दिवसांचं झालं की घेऊन ये, मी पाळणा काढते."

"बघू, आपा."

त्याचं बघू मला पाठ आहे. त्याचा अर्थ मी दर वेळी नवा लावते, तेवढंच.

मग तो वडिलांना म्हणाला, "आताके, मी इथे एका इंजिनांच्या कारखान्यात लागलोय, माहितेय ना? जुन्या मालात वोल्गाचा संच मिळालाय. मी नीट बघितलाय. रॉडही मिळालाय. पाठवतो, तुम्ही बांधून टाका. ब्लॉक असा उघडा पडून खराब होईल. माझ्यासाठी अडून राहू नका."

हे म्हणाले, "ठीक."

एवढं बोलून बाहेर गेले आणि फावडं घेऊन अंगणातला बर्फ सारू लागले. सकाळीच सारून झाला होता. अंगण कोरडं होतं.

मार्चात बिश्केकच्या मिनीबसवाल्याने लाकडी पेटी दारात आणून टाकली. दोघांना उचलवेना एवढी जड. हे खिळे काढत होते आणि मी शेजारी बसून होते, एखाद्याचं गाठोडं सोडावं तशी आम्ही ती सोडली. वर तपकिरी स्वेटर होता. मीच विणलेला. कोपरांवर विरलेला, लायनरांना धक्का लागू नये म्हणून आत कोंबलेला. मी तो नाकाशी नेला. नुसता तेलाचा वास. सात वर्षं अंगात घातला होता म्हणजे, असं मी स्वतःला म्हटलं, आणि मग चुलीमागे जाऊन थोडी रडले, कारण तो आता त्याच्या अंगात नव्हता.

पिस्टनांच्या मध्ये एक चिठ्ठी होती. जुनी, घड्यांवर फाटायला आलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. ह्यांच्याच अक्षरातली. तीन रॉडची वजनं, वरचं टोक, खालचं टोक. पोराने ती जाताना बरोबर नेली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. तिच्याखाली नव्या शाईत त्याचं अक्षर: चौथ्या रॉडचं वजन, पिस्टनांची वजनं, अक्षरं, रंग. आणि शेवटी, "पट्टी मी ओढली नाही, आताके. ती तुम्ही बघा."

दोन दिवस हे त्या संचाभोवती बसून होते. जेवायला हाक मारली तर हूं म्हणायचे आणि उठायचे नाहीत. अक्षरं भिंगाखाली पाहिली. पिना दाबल्या, गेल्या वर्षी बर्फावर पडून उजवं मनगट मोडलंय, म्हणून डाव्या अंगठ्याने दाबल्या. एकेक पिन सावकाश आत गेली, लोण्यात बोट जावं तशी. तराजू झाला. चिठ्ठीवरचा आणि तराजूतला आकडा एकच, चारही वेळा. मी दारातून पाहत होते आणि मनात म्हणत होते, कुठेतरी चुकलेलं असू दे, देवा, एवढंसं चुकलेलं असू दे.

मग ह्यांनी रॉड उचलून खिडकीशी नेला.

"इकडे ये, म्हातारे. बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ तर. हा मुळात त्या तिघांपेक्षा जड असणार. त्याने घासून जुळवलाय. कुठे घासलाय बघ, फक्त ह्या गाठीवर. आणि घासलाय तो उभा, लांबीच्या बाजूने. आडवा ओरखडा एक नाही. आडवा ओरखडा राहिला की तिथून रॉड तडकतो. सगळे आडवा घासतात, कारण ते सोपं पडतं." ह्यांनी तो फिरवून पाहिला. "ह्याला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"हो," हे म्हणाले. "मीच."

दुपारी यासिर आला, संच आल्याचं गल्लीभर झालं होतं. आल्या आल्या हात चोळत म्हणाला, "काय उस्ता, बाराव्यात काय खोट निघाली? बोला लवकर, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"नाही निघाली," हे म्हणाले.

यासिरने माझ्याकडे पाहिलं. मी चहाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. तो तोंडाळ आहे पण मूर्ख नाही. चहा पिऊन झाला, पुरे म्हणून वाटी पालथी घातली आणि जाताना नुसता ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

पट्टीला घरातली ऊब लागते, वीस अंश. शेडमध्ये अजून पाणी गोठत होतं. म्हणून लायनर आणि पिस्टन आदल्या दिवसापासून आतल्या खोलीत होते, चुलीच्या बाजूला, गाद्यांच्या चळतीला टेकून, पाहुण्यांसारखे. सकाळी मी चहाचं आवरलं आणि ह्यांनी बुटक्या टेबलावर पहिला लायनर उभा केला. पिस्टन हातात घेतला आणि थांबले. लायनर आवळायची पकड शेडमध्ये बाकाला ठोकलेली, आणि मोडलेल्या मनगटाचा एकटा हात पुरत नव्हता. दोन्ही हातांनी धरला तर ओढणार कोण?

ह्यांनी काट्याकडे पाहिलं. मग तो माझ्यापुढे केला.

"ओढशील?"

सात वर्षांत मला त्याला हात लावू दिला नव्हता. मी घेतला. हातात हलका होता, पितळी कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

"हळू ओढायचा. झटका नाही. पट्टी सरकायला लागली की आकडा बघ आणि सांग."

हे लायनरवर वाकले, दोन्ही तळव्यांत पिस्टन धरून. मी पट्टीला काटा अडकवला आणि ओढला. पट्टी अडली, अडली, मग सरकू लागली.

"किती?"

काटा चारवर होता. नेमका चारवर, ना इकडे ना तिकडे. मला तो अगदी स्वच्छ दिसत होता.

"अडीच," मी म्हणाले.

हे वाकलेलेच राहिले. मला ह्यांची फक्त टोपी दिसत होती.

"परत ओढ."

पट्टी पुसून परत सोडली. परत ओढली. चार.

"अडीच," मी म्हणाले.

ह्यांनी सावकाश पाठ सरळ केली.

"म्हातारे, काटा तुझ्या हातात आहे, पण पिस्टन माझ्या हातात आहे. चार आहे."

"मला अडीच दिसतंय."

"चार आहे. नववा संचही चारच होता. दहावा चार. अकरावा थोडा वर, सव्वाचार."

मी काटा टेबलावर आपटला. "मग ह्यालाही ढिला म्हणा! तिघांना म्हणालात, चौथ्याला म्हणताना काय जीभ झडते तुमची? फोन करा आणि सांगा, चुकलंय, बसत नाही, स्वतः येऊन बदलून दे. बाळाला घेऊन ये आणि बदलून दे. सांगा ना! एवढी वर्षं खोटं बोललात, आणखी एकदा बोला. माझ्यासाठी बोला."

ह्यांनी पिस्टनवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता हो म्हणतील. ह्यांचे ओठ हललेही.

"ते संच परक्यांचे होते," हे म्हणाले. "त्यांना नावं ठेवली, कुणाचं काही गेलं नाही. हा त्याने निवडलाय. ती चिठ्ठी जपून निवडलाय. मी चुकलं म्हटलं तर तो वाद घालणार नाही, बुरुल. मान्य करेल. मग दिवसचे दिवस विचार करत बसेल, कुठे चुकलो म्हणून. कामाला जाईल तेव्हा हात कापत जाईल. माझ्या पोराचं काम चांगलं असताना वाईट आहे असं मी नाही सांगू शकत. दुसरं काहीही सांगेन."

चाळीस वर्षांत ह्यांनी माझं नाव दोनदा घेतलंय. हे दुसऱ्यांदा.

"मग तो येणार नाही," मी म्हटलं.

"नाही येणार."

हे कुणीतरी म्हणायचंच राहिलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, मयताला रडावं तशी, आणि देवा माफ कर, पोर जिवंत, सुखात, बाप होणार, आणि मी अशी रडत होते. ह्यांनी मला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवला, तो तेलाचा होता, ते लक्षात येऊन उचलला, मग परत ठेवला.

चूल विझत आली होती. हे उठून दोन कोळसे घालून आले, खोली गार पडायला नको म्हणून. मग परत आपल्या जागी बसले, पहिला पिस्टन त्याच्या लायनरसकट बाजूला ठेवला आणि त्याच्यावर खडूने एक लिहिलं.

"दुसरा दे," म्हणाले.

मी रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. दुसरा पिस्टन उचलून दिला. ह्यांनी तो उलटा घातला, मी पट्टी सोडली, काटा अडकवला आणि झटका न देता हळू ओढला.

"किती?"

"चार," मी म्हणाले.